सिग्नलच्या कांड्या पूर्ण, नेट मात्र नाही : वसतिगृहातील वाय-फाय कामाबद्दल तक्रार

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
नागपूर शाखा

विषय : प्रतापनगर येथील वसतिगृह व अभ्यासिकेत कोटेशनप्रमाणे वाय-फायचे काम न झाल्याबद्दल. काम दुरुस्त करून पक्के बिल देण्याबाबत.

महोदय,

आमचे नोंदणीकृत मंडळ गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. खाली अभ्यासिका, वर खोल्यांचे दोन मजले. यात नफा नावाचा प्रकार नाही. वाय-फायसाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, ती ४८,००० रुपये भरली. याहून जास्त रक्कम उभी राहणार नाही, हे आपल्या प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. त्यांनी इमारत फिरून पाहिली आणि नेमके तेवढ्यात बसणारे कोटेशन दिले. प्रत्येक मजल्यावर छताला एक असे तीन ॲक्सेस पॉइंट (तारेने आलेले नेट वाय-फायवर देणारे डबे), त्यांना तारेतूनच वीज देणारा आठ पोर्टचा गिगाबिट पीओई स्विच, शुद्ध तांब्याच्या कॅट-६ केबलची ३०५ मीटरची एक पेटी, केसिंग-पट्टी आणि मजुरी, असे त्यात लिहिले आहे. प्रत सोबत जोडली आहे.

हे कोटेशन मला आवडले होते, कारण तारेचा आग्रह माझाच होता. मी दूरसंचार खात्यात केबलच्या कामावर आयुष्य काढले. आमची इमारत जुनी, बाहेरच्या भिंती १४ इंची, मध्ये आरसीसीचा स्लॅब आणि त्यात सळ्यांची जाळी. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा बांधकामात लगेच दम तोडतो. २.४ गिगाहर्ट्झ त्यापेक्षा बरा, पण स्लॅब ओलांडून वर जाईपर्यंत तोही थकतो. म्हणून मजल्यामजल्याला तार न्यायची आणि हवेवर फक्त खोलीपर्यंतचे शेवटचे अंतर सोडायचे. कमी पैशात मोठी इमारत झाकायची हीच रीत आहे. तार एकदा भिंतीवर बसली की पुढे डबे कितीही बदला, ती तिथेच राहते.

प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. तार फक्त पहिल्या मजल्यापर्यंत आली आणि तिथे एक ॲक्सेस पॉइंट बसला. अभ्यासिका इंटरनेटवाल्याच्या जुन्या राउटरवरच सोडली. दुसऱ्या मजल्यावर पॅसेजमधल्या प्लगांत दोन छोटे रिपीटर खोचले. पहिला खालच्या मजल्याचा सिग्नल पकडतो, दुसरा त्या पहिल्याचा. बिलाऐवजी दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर मात्र 'ॲक्सेस पॉइंट, नग ३' असेच लिहिले आहे.

मी हरकत घेतली तेव्हा आपल्याकडे काम करणाऱ्या मुलाने मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. "काकाजी, पाहा ना, कांड्या फुल येऊन राहिल्या. आता अजून काय पाहिजे?" कांड्या खरोखरच पूर्ण होत्या. पण मोबाइलवरच्या कांड्या म्हणजे मोबाइल आणि त्याच्या शेजारचा डबा यांच्यातल्या सिग्नलचा जोर. त्या डब्याला मागून काय मिळते, ते कांड्यांत दिसत नाही. आपण बसवलेल्या रिपीटरमध्ये रेडिओ एकच आहे. तो आधी ऐकतो आणि मग तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे अर्धा वेळ पुनरुक्तीतच जातो. त्यामागे तसाच दुसरा लावला की निम्म्याचे निम्मे. शिवाय हे सगळे स्लॅबमधून गळून वर पोहोचलेल्या सिग्नलवर.

आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. राउटरला तारेने लॅपटॉप जोडला की ९० च्या वर आकडा दिसतो. पहिल्या मजल्यावर ॲक्सेस पॉइंटखाली वाय-फायवरही जवळपास तेवढाच. दुसऱ्या मजल्याच्या मागच्या खोल्यांत रात्री जेवणानंतर तो ३-४ वर येतो. स्पर्धा परीक्षेची मुले तेव्हाच व्याख्याने बघायला बसतात. शेवटी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसतात. या मोजण्यांचे फोटो तारीख-वेळेसह जोडले आहेत.

आपल्या प्रतिनिधीने पाहणी केली ती थंडीत. नागपूरच्या इमारतीत वाय-फाय बसवणाऱ्याने मे महिना गृहीत धरायला हवा, एवढी अपेक्षा इथल्याच कंपनीकडून ठेवणे चूक नाही. आता प्रत्येक खोलीच्या दाराशी किंवा खिडकीत कूलर आहे. पत्र्याचा डबा, आत पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या. धातू सिग्नल परतवतो आणि पाणी तो शोषून घेतो. पॅसेजमधला रिपीटर नेमका कमरेच्या उंचीच्या प्लगात आहे, म्हणजे त्याच्या आणि खोलीच्या मध्ये हे कूलर उभे. छताला बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल कूलरच्या डोक्यावरून गेला असता. कोटेशनमध्ये 'छताला' हा शब्द आहे, तो उगाच लिहिलेला नव्हता. त्याच प्लगवरून मुले कूलर चालवतात ते वेगळेच. कुणी बटण बंद केले की सगळ्या मजल्याचे नेट जाते.

आणि लाइट गेली की काय होते? राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर आहेत. पॅसेजमधले प्लग नाहीत. म्हणजे अंधारात खालचे दोन मजले चालू आणि वरचा बंद. पीओईचा आमच्यासाठी मुख्य उपयोग हाच होता. डब्याची वीज तारेतूनच जाते, त्यामुळे एक स्विच इन्व्हर्टरवर ठेवला की तिन्ही मजले लाइट नसतानाही चालतात. त्या स्विचचे पैसे आपण घेतलेत आणि आज त्याच्या आठ पोर्टांपैकी वीज देणारे एकच कामात आहे.

आता केबल. उरलेल्या तुकड्याचे टोक मी ब्लेडने खरवडले. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरा ॲल्युमिनियम. याला बाजारात सीसीए म्हणतात. कॅट-६ च्या मानकात ही तार बसत नाही. वेष्टनावर काहीही छापलेले असो, कॅट-६ ला पूर्ण तांब्याचीच तार लागते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे पीओईची वीज नेताना ही तार जास्त तापते आणि टोकाला व्होल्टेज कमी पोहोचते. शिवाय वाकवली की लवकर तुटते. शुद्ध तांब्याचे पैसे घेऊन मुलाम्याची तार ओढणे याला मी कामातली कसर म्हणणार नाही, ही सरळ फसवणूक आहे. त्यातही पैसे अख्ख्या ३०५ मीटरचे आकारले. लागली असेल जेमतेम ४० मीटर. उरलेली पेटी आपली माणसे जाताना घेऊन गेली.

सेटिंगबद्दल थोडक्यात. तिन्ही मजल्यांवरच्या वाय-फायची नावे वेगळी आहेत, त्यामुळे जिना चढताना मोबाइल जुन्याच नावाला चिकटून बसतो. एकच नाव, एकच पासवर्ड, हे बोलणे झाले होते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि मजले आमचे तीनच. एवढे सोपे गणित असताना सगळे डबे चॅनेल ३ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदीने, म्हणजे नेहमीच्या दुप्पट जागा अडवून, लावून ठेवले आहेत. शेजारच्या घरांनाही त्याचा त्रास होत असणार. मी हे स्वतः बदलले असते, पण ॲडमिनचा पासवर्ड आपल्या माणसाने आम्हाला दिलेला नाही. "ते ऑफिसमधूनच होते" म्हणे. आमच्या पैशाने घेतलेल्या डब्याची किल्ली आपल्या ऑफिसात कशासाठी?

फोनवर तक्रार केली तेव्हा आपल्या कार्यालयाने दोन उपाय सुचवले. एक, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. दोन, २२,००० रुपयांचा मेश संच, म्हणजे एकमेकांना जोडून चालणाऱ्या वाय-फाय डब्यांचा संच, घ्या. पहिल्याचा उपयोग शून्य, कारण आताचे १००च वर पोहोचत नाहीत. मेश वाईट नाही. पण त्याचे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर मध्ये स्लॅब तोच आहे. आणि त्यांनाही मागून तारच द्यायची असेल, तर मग ठरलेले साधे ॲक्सेस पॉइंटच पुरेसे आहेत. "तुमचं बजेटच कमी होतं" हे वाक्यही ऐकवले गेले. बजेट कमी होते म्हणूनच तारेचे काम ठरवले होते. त्या रकमेत काय काय येईल हे आपणच लिहून दिले आणि ती रक्कम पूर्ण घेतली.

आमची मागणी एवढीच आहे. दोन्ही रिपीटर परत न्यावेत. त्यांच्या जागी कोटेशनमधले उरलेले दोन ॲक्सेस पॉइंट, एक अभ्यासिकेत आणि एक दुसऱ्या मजल्यावर, छताला बसवावेत. पहिल्या मजल्याची तार काढून तिन्ही ठिकाणी शुद्ध तांब्याची कॅट-६ ओढावी. ती ओढण्यापूर्वी पेटीतल्या तारेचे टोक मला खरवडून पाहू द्यावे. राहिलेली केबल इथेच ठेवावी. सर्व डब्यांचे ॲडमिन पासवर्ड लेखी द्यावेत, आणि प्रत्येक वस्तूचे नाव, मॉडेल व अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल द्यावे. जादा एक रुपयाही दिला जाणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव मंडळाने केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ठरल्याहून हलके काम ही सेवेतील त्रुटी ठरते आणि बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा. हे आपल्या हिशेबनीसांना ठाऊक असेलच.

काम दुपारी १२ ते ४ या वेळेत करावे. मुले तेव्हा कॉलेजात किंवा खाली अभ्यासिकेत असतात आणि वरचे पॅसेज मोकळे असतात. शिडी आमच्याकडे आहे, ड्रिल मशीन आपल्या माणसांनी आणावी. मागच्या वेळी जिन्यात पाडून ठेवलेली दोन भोके बुजवायला थोडे सिमेंटही आणावे.

कळावे.

आपला,
मानद सचिव,
विद्यार्थी वसतिगृह व अभ्यासिका,
प्रतापनगर, नागपूर

सोबत : कोटेशनची प्रत, कच्ची चिठ्ठी, पैसे दिल्याची पावती, वेगाच्या मोजणीचे फोटो, केबलचा खरवडलेला तुकडा.