सावलीची जागा ‘वाया गेलेली’ कशी?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या सदरात ‘परसातली सावलीने वाया गेलेली जागा’ असे शब्द वाचले. त्यावर उपायही होता: खालच्या फांद्या छाटून ऊन आत घ्या, बुंध्यापर्यंत फरशी घाला आणि तिच्यावर कुंड्या मांडा. उन्हाळा सरत आलेला असताना हे कुणी मनावर घेतलं, तर त्याची दुपारही जाईल आणि कदाचित झाडही. म्हणून हे पत्र.

माझ्या परसात एक करंज आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पानं झडतात, मागोमाग पोपटी पालवी फुटते, आणि ऊन टिपेला पोचेतो छत गच्च भरतं. मी आयुष्यभर आरेखकाचं काम केलं. आता अकरापासून पाचपर्यंत त्याच्याखाली खुर्ची टाकून बसतो. मी तिथे काहीच करत नाही असं घरच्यांचं मत आहे. ते चूक आहे. मी कवडसे मोजतो.

फट चौकोनी असो की वेडीवाकडी, लांबून आलेला कवडसा गोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे कवडशाच्या रुंदीला 110 ने गुणलं की फट किती लांब आहे ते अंदाजे निघतं. (ऊन कललं की कवडसा लांबट होतो, तेव्हा अरुंद बाजू मोजायची.) परवा भर दुपारी सहा इंची पट्टी लावली तर 6 सेंटीमीटर भरले, म्हणजे फट 6.6 मीटरवर. नातवाला पटेना. दोरी टाकून खरं-खोटं करू म्हणाला. दोरी अजून फांदीतच अडकली आहे.

आता गारव्याचं. तुम्ही रोज छापता ते तापमान सावलीतलंच असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे झाडाखाली तापमापक नेला की तो फार उतरत नाही. माझा जेमतेम दीड-दोन अंश उतरतो. फरक पडतो तो अंगावर थेट ऊन येत नाही याचा. पत्र्याखालीही थेट ऊन नसतं, पण पत्रा स्वतः तापून वरून भाजतो. पान तसं तापत नाही, ते पाणी सोडत राहतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास 0.68 युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि मोठं झाड दिवसाला कितीतरी लिटर पाणी असं उडवतं. तेही आवाज न करता. आमच्या कूलरबद्दल हे म्हणता येणार नाही.

फरशीच्या सल्ल्याचा मात्र मला राग आला, कारण तसलाच मूर्खपणा मी केला आहे. फरशी नव्हे, झाडू. वर्षानुवर्षं रोज सकाळी करंजाखालचं पान न् पान झाडून काढायचो. जमीन सिमेंटसारखी टणक झाली. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जायचं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि झाडू सुटला. पुढच्या उन्हाळ्यात पानांचा थर बाजूला करून बघतो तर खाली काळपट, ओलसर माती, बोट सहज रुतेल अशी. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात; तिथे फरशी म्हणजे तोंडावर हात. पाणीही बुंध्याशी ओतून फारसा उपयोग नाही, फांद्यांच्या घेराखाली पसरून द्यावं. त्या थरात आता सातभाई येतात, एकेक पान उलटून किडे शोधतात आणि सगळा वेळ भांडतात.

छाटणीबद्दल एवढंच की आतली साल कायम सावलीत वाढलेली असते. अशा उन्हात तिला एकदम उघडी पाडली तर ती भाजून तडकू शकते. पानांवरच्या फोडांसारख्या गाठी बघून घाबरू नये. त्या अतिसूक्ष्म कोळ्यांच्या करामती, झाडाचं त्यात फारसं बिघडत नाही.

संध्याकाळी डास चावतात, हे कबूल. गुलाबही तिथे फुलणार नाही. नेचे आणि अळू मजेत आहेत, मी त्यांच्यावर समाधानी आहे. सदर लिहिणाऱ्यांनी एखाद्या दुपारी येऊन बसावं, दुसरी खुर्ची आहे. फक्त ती अधूनमधून सरकवावी लागते; हे लिहितालिहिता माझ्या कागदावर दोन कवडसे आले, आणि चांगलेच लांबट झालेत.

आपला,
एक निवृत्त आरेखक