दीड महिन्याच्या लसीला आईलाही तपासा

संपादक महाशय,

लेक बाळंतपणाला माहेरी आली, डिलिव्हरी फार अवघड झाली, रक्त खूप गेलं, चढवावं लागलं. डिस्चार्जला बाळाचं लसींचं कार्ड मिळालं आणि आईला काय, तर लोहाच्या गोळ्या. आता तिला झोप नाही, डोळे मिटले की तेच सगळं दिसतं, टाके दुखतात, शिंकलं तरी लघवी सुटते, हे तर ती मलाही सांगत नव्हती, आणि बघायला येणाऱ्या बायका डिंकाचे लाडू देऊन "बाळ सुखरूप आहे ना, मग विसर आता" म्हणतात (लाडवांबद्दल तक्रार नाही हं!).

नैराश्य ओळखायची १० प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ पासून आहे, भरायला पाच मिनिटं लागतात, पण विचारतंय कोण? टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबरसुद्धा आम्हाला कोणी सांगितला नाही.

दीड महिन्याच्या लसीला आई बाळाला घेऊन येतेच ना, मग तेव्हाच तिचं बीपी, हिमोग्लोबिन, टाके बघा, झोप लागते का विचारा, आणि तेही सासूला बाहेर बसवून.

- एक आजी, दांडिया बाजार, बडोदा