सांगलीची सीट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, तेही पहिल्याच राउंडला. पहिल्या पसंतीचं असल्यामुळे सीट आपोआप फ्रीझ झाली आहे, म्हणजे पुढच्या राउंडला ती बदलता येणार नाही. आता ती मुदतीत स्वीकारायची, की सोडून तमिळनाडूतल्या त्या अभिमत विद्यापीठाची फी भरायची, एवढंच ठरवायचं उरलं आहे. आत्याकडे तुला निवांतपणा आहे, म्हणून माझं म्हणणं सविस्तर लिहितो.

तू मुलगी आहेस म्हणून घराजवळ राहा, असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी दादा असता तरी हेच पत्र त्याला लिहिलं असतं. मोठ्या काकांनी परवा लग्नाच्या खर्चाचा विषय काढला, तो तू मनातून पार काढून टाक. तुझ्या शिक्षणाच्या हिशेबात तो खर्च मी कधीच धरलेला नाही.

सांगलीला आपल्याला काय मिळतंय ते नीट समजून घे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. त्याआधी निम्मंच माफ होत होतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्ज भरावा लागेल, हॉस्टेल, मेस आणि किरकोळ शुल्क आपल्यालाच भरायचं आहे, पण ते माझ्या पगारातून आणि आईच्या शिवणकामातून भागतं. अभिमत विद्यापीठाला ही माफी लागू नाही.

आता तिकडचा हिशेब. फी, राहणं, जेवण, जाणं-येणं धरून चार वर्षांचे २२ लाख मी काढले. त्यातले ६ लाख मी उभे करू शकतो. उरलेल्या १६ लाखांचं कर्ज. दरवर्षी ४ लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं सवलतीचं एक वर्ष मिळून सरळ व्याजच ५ लाख ६० हजार होतं. हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर २१ लाख ६० हजार असतील. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता साडेअठ्ठावीस हजार. एवढ्या रकमेला साधारणपणे तारण मागतात, म्हणजे आपलं घर. घर तारण ठेवायला मी तयार आहे, आईही तयार आहे. आमचा जीव त्यात अडकलेला नाही.

माझा जीव अडकतो तो त्या हप्त्यात. पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसून मी इतकी वर्षं हेच बघत आलो. हुशार मुलं शिकून बाहेर पडतात आणि जी नोकरी आधी हातात येते ती धरतात, कारण पुढच्या महिन्याची पाच तारीख थांबत नाही. एका मुलाला एम.टेक. करायचं होतं, त्यासाठीच्या गेट परीक्षेत गुणही चांगले होते. भावाच्या नावावर आधीचं कर्ज, त्याच्या नावावर हे शिक्षणाचं. तो रात्रपाळीच्या सपोर्टच्या कामाला लागला आणि पुढचं शिक्षण राहून गेलं. त्याच्या कामाला मी कमी लेखत नाही, पण त्याला ते करायचं नव्हतं. बाविसाव्या वर्षी तुला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, बाळा. कमी पगाराची पण शिकायला मिळणारी जागा घेता आली पाहिजे, वर्षभर अभ्यासाला बसता आलं पाहिजे. मला तुझ्यासाठी ते हवं आहे, आणि सांगलीची सीट ते देते.

तू म्हणालीस, तासगावहून सांगलीला जायचं आणि संध्याकाळी एसटीने परत, यात जग कुठे दिसणार? हे तुझं म्हणणं मला पटलं आहे. पंचवीस किलोमीटरवर घर असलं तरी तू हॉस्टेललाच राहा. रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये थांबणं, मैत्रिणींशी वाद घालत प्रोजेक्ट पुरा करणं हे घरी राहून होत नाही. मी काढलेले ते ६ लाख तुझ्याच नावावर राहतील. सुट्टीत बंगळूरला किंवा पुण्याला बिनपगारी इंटर्नशिप मिळाली तरी जा, राहण्याचा खर्च त्यातून कर. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिला अर्ज कर. गेट तिसऱ्या वर्षालाही देता येते. आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, म्हणजे दूर जाणं तेव्हाही होईल, आणि डोक्यावर काही नसताना होईल.

वालचंदला तू 'आपल्या गावचं कॉलेज' म्हणून हलकं धरू नकोस. १९४७ पासून ते उभं आहे, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं गाव सोडून तिथे येतात. तुझ्यासाठी ते जवळ आहे एवढंच.

तरीही एक वाट मी उघडी ठेवतो. तिकडे असं काय आहे जे सांगलीत नाही, ते मला नाव घेऊन सांग. एखादी लॅब, एखादा विषय, ज्यांच्या हाताखाली शिकायचंय असे एखादे प्राध्यापक. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना फोन लाव. किती तास खरंच लॅबमध्ये जातात, तुझ्या ब्रँचमधल्या किती जणींना ब्रँचचं काम मिळालं, हे विचार. हेच प्रश्न वालचंदच्या मुलींनाही विचार. 'एक्स्पोजर' आणि 'कॅम्पस भारी आहे' एवढ्यावर मी २१ लाख तुझ्या खांद्यावर ठेवणार नाही. ठोस काही असेल तर मात्र माझं मत बाजूला ठेवून मी कर्जाची फाइल करीन.

नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आला आहे, मूळ प्रती कपाटात आहेत. सांगली ठरलं तर शुक्रवारी सकाळी आपण दोघं रिपोर्टिंगला, म्हणजे प्रवेश पक्का करायला जाऊ. तिकडचं ठरलं तर गुरुवारच्या आत फोन कर, कारण जामिनासाठी मोठ्या काकांशी बोलावं लागेल. ते मी बोलतो, तू त्यात पडू नकोस.

आत्याला नमस्कार सांग.

तुझे,
बाबा