फोन आमचा, मग त्यातलं ॲप काढायची मुभाही आम्हाला हवी

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कॉर्पोरेट व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

माननीय महोदया,

मी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. ‘मेमरी फुल झालीय, फोन हँग होतोय’ म्हणत रोज कुणी ना कुणी येतंच. स्वस्तातला ३२ जीबीचा फोन, आणि सेटिंगमध्ये गिऱ्हाइकाने कधीच न उघडलेली ॲप. त्यातल्या कित्येकांना ‘अनइंस्टॉल’चं बटणच नसतं, नुसतं ‘बंद करा’. मग नातवंडांचे फोटो पुसायचे आणि ॲप जपायचं!

हे कसं घडतं ते बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात सविस्तर मांडलंय. प्ले स्टोअर हवं तर फोन कंपनीने गूगलची ॲप एकगठ्ठा घ्यायची, ठरलेल्या जागी ठेवायची, आणि अँड्रॉइडची स्वतःची वेगळी आवृत्ती काढायची नाही, असे करार होते. देशातल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त फोनांत अँड्रॉइड असताना प्ले स्टोअर नसलेला फोन घेणार कोण? आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. २९ मार्च २०२३ ला अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीच भरलेली ॲप काढू द्या, हा निर्देशही त्यांतच गेला. माझ्या गिऱ्हाइकाला खरा उपयोग याच निर्देशाचा झाला असता.

चौकशीचा आदेश एप्रिल २०१९ चा. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. एवढ्या काळात माणसाचे दोन फोन बदलून होतात. बड्या कंपन्यांना आधीच बंधनं घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आपल्याच मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्याच महिन्यात युरोपात तसा कायदा कंपन्यांना लागूही झाला; तिथे आता आयफोनवरसुद्धा दुसरी ॲप स्टोअर चालतात. आपला मसुदा मात्र कागदावरच आहे.

बाहेरची ॲप आली तर सुरक्षेचं काय, ही भीती खरी आहे. ई-चलनाच्या नावाने आलेली एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणारी फाईल) उघडून खातं रिकामं झालेली माणसं माझ्याकडेही आली आहेत, त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत. बाहेरून येणाऱ्या ॲपवर कडक नजर हवीच. पण नको असलेलं ॲप काढून टाकलं तर कुणाची सुरक्षा धोक्यात येते?

विधेयक संसदेत आणा. अनइंस्टॉलचा हक्क त्यात स्पष्ट लिहा, आणि फोन चालायला खरोखर कोणती ॲप लागतात हे आयोगाला तपासू द्या. शिवाय ३२ जीबीपैकी किती जागा मोकळी मिळणार, हे खोक्यावर किमतीशेजारी छापणं सक्तीचं करा.

आपला,
एक मोबाईल दुरुस्ती करणारा