गडकरी साहेब, निदान आमचा जुना माल तरी परत द्यायला सांगा

प्रति,
मा. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, हे पत्र खड्ड्यांबद्दल नाही आणि टोलबद्दल पण नाही. टोलचा तर मी तुमचा तो ३००० रुपयांचा वर्षाचा पास काढलाय, २०२५ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला त्याच आठवड्यात. २०० फेऱ्यांपैकी माझ्या १९ झाल्या आणि बाकीच्या १८१ तशाच पडून आहेत, कारण गाडी गेले साडेतीन महिने एका वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये इंजिन खोलून उभी आहे. आणि ते इंजिन कुणाच्या चुकीने गेलं हे ठरवायचं काम कुणाकडे आहे, तर चूक निघाली तर ज्यांच्या खिशातून पैसे जाणार त्यांच्याचकडे. माझं दुखणं एवढंच आहे, बाकी सगळं पाल्हाळ. पण साहेब, पाल्हाळ वाचाच.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. पुण्याहून कऱ्हाडला निघालो होतो, मागे आई आणि दोन्ही पोरं, डिकीत फराळाचे डबे. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये होतो, पुढे मागे ट्रक, तेवढ्यात डॅशबोर्डवर लाल दिवा. आई म्हणाली हा चहाच्या किटलीचा दिवा कसला रे. ती किटली म्हणजे ऑइल प्रेशरचा दिवा. मी बाजूला घ्यायला जागा बघतोय तोवर खालून आवाज सुरू झाला, डब्यात नटबोल्ट टाकून हलवावा तसा, आणि दहा-पंधरा सेकंदांत इंजिन बंद. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना वाटतं गाडी बंद पडली म्हणजे फक्त थांबली. तसं नसतं. स्टेअरिंग एकदम जड होतं, ब्रेक एकदा लागतो, दुसऱ्यांदा अर्धा लागतो, तिसऱ्यांदा पॅडल म्हणजे नुसता दगड. चढावर गाडी मागे सरकायला लागली, हँडब्रेक खेचला, मागच्या ट्रकवाल्याने आधी हॉर्न मारला आणि मग त्याला कळलं तेव्हा त्याचा क्लीनर उडी मारून आला आणि मागच्या चाकाला दगड लावला. त्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख मला अजून आहे.

१०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांची गाडी आली, कोन लावले, आम्हाला कडेला घेतलं, त्यांना शंभर पैकी शंभर. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला अडीच तास लागले. मग गाडी फ्लॅटबेडवर आणि येताना खेड शिवापूरला त्या फ्लॅटबेडचा टोल पण आम्हीच भरला, असो.

आता खरी गोष्ट सुरू होते. गाडी ४ वर्षं २ महिन्यांची, ६१ हजार किलोमीटर, पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी ५ वर्षांपर्यंत, सगळ्या सर्व्हिसिंग याच ऑथोराइज्ड वर्कशॉपला, एक पण बाहेर नाही. शेवटची सर्व्हिस घटनेच्या सात आठवडे आधी, बिलावर ऑइल, ऑइल फिल्टर सगळं लिहिलेलं, त्यानंतर गाडी चालली २९०० किलोमीटर. मी म्हटलं यात वादच नाही, वॉरंटीत होईल. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर पण गोड बोलला, म्हणाला सर इंजिन खोलल्याशिवाय सांगता येणार नाही, खोलायचे १८ हजार, वॉरंटीत अप्रूव्ह झालं की रिफंड. जॉब कार्डवर सही केली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचलं नाही, तुम्ही कधी वाचलंय का साहेब? कोण वाचतो.

सहाव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो आणि खाली एक ओळ. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय, क्रँकवर चरे पडलेत, ऑइल कमी असल्यामुळे, कस्टमर निग्लिजन्स, वॉरंटी रिजेक्ट. एस्टिमेट २ लाख ८६ हजार.

मी दुसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या आमच्या फिटरला घेऊन गेलो. तीस वर्षं इंजिन बांधतोय माणूस, वडिलांच्या जीपपासून आमच्या सगळ्या गाड्या त्यानेच बघितल्यात. त्याने तिथे फक्त तीन प्रश्न विचारले. ड्रेन केलं तेव्हा ऑइल किती लिटर निघालं? संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, आतल्या जाळीचा फोटो आहे का? आणि फिल्टर कापून बघितला का? कारण ऑइल कमी होतं म्हणून इंजिन बसलं असेल तर निघालेलं ऑइल मोजलं की लगेच कळतं. पण ऑइल पुरेसं असून जाळी चोक झाली किंवा ऑइल पंपानेच दम सोडला तरी बेअरिंगची अवस्था डिट्टो तशीच होते. तो लाल दिवा ऑइलची लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो, हे मला पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणजे नुसत्या बेअरिंगचा फोटो बघून चूक मालकाची की पंपाची की सर्व्हिस करणाऱ्याची हे सांगताच येत नाही.

उत्तर काय मिळालं? ऑइल टाकून दिलं सर, मोजत नाही आम्ही. फिल्टर स्क्रॅपला गेला. जाळीचा फोटो काढला नाही. पंप कंपनीकडे पाठवलाय, तो परत मिळत नाही, पॉलिसी आहे. आणि स्कॅनर लावला होता का तेव्हा? हो लावला होता, पण कोड क्लिअर केले. साहेब तुम्हाला माहितीच असेल, डॅशबोर्डखाली तो सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्याला स्कॅनर लावला की फॉल्टचा कोड तर दिसतोच पण त्या क्षणी आरपीएम किती होते, टेंपरेचर किती होतं हे पण बऱ्याचदा साठवलेलं असतं. कोड क्लिअर केले की तेही पुसलं जातं. खुनाच्या जागी पोलीस यायच्या आधी फरशी पुसून घेतली आणि वर म्हणायचं की मेलेल्याचीच चूक.

आमचा फिटर एवढंच म्हणाला, "आमच्यात जुना माल डिकीत ठेवायची पद्धत हाय दादा."

हे वाक्य डोक्यातून जाईना. लहानपणापासून बघतोय, गॅरेजमधून गाडी आणली की डिकीत एक काळी ऑइलकट पिशवी असायचीच, त्यात जुने ब्रेक लायनर, झिजलेली बेअरिंग, फाटका बेल्ट. वडील ती उघडून प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायचे आणि मग भंगारवाल्याला द्यायचे. पत्र्याच्या शेडमधला माणूस जे न सांगता करायचा ते काचेच्या शोरूममध्ये होत नाही. तिथे एसी आहे, कॉफी मशीन आहे, सर्व्हिस झाल्यावर दहा पैकी दहा द्या असा फोन येतो. जुना माल मागितला की मात्र पॉलिसी.

त्यात पेट्रोलचं पण काढलंच त्यांनी. कुठे भरता सर, हल्ली पेट्रोलमुळे बऱ्याच तक्रारी येतात. ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर, मी इथे बोलत नाही, तो मोठा वाद आहे आणि माझ्या इंजिनाचा त्याच्याशी संबंध आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. पण नाही असं म्हणायला त्यांच्याकडे तरी काय आहे? टाकीतल्या पेट्रोलचं सँपल कुणी घेतलंच नाही. परत तेच.

मग कंपनी. कस्टमर केअरला मेल, तिकीट नंबर, अठरा दिवसांनी उत्तर की आम्ही डीलरच्या निष्कर्षाशी सहमत आहोत. डीलर म्हणतो निर्णय कंपनीचा, कंपनी म्हणते तपासणी डीलरची. शेवटी गुडविल म्हणून पार्टवर ३० टक्के सूट देतो म्हणाले, लेबर तुमचं, पण आधी तक्रार मागे घेतो असं लिहून द्या. मी नाही दिलं. तेव्हापासून पार्किंगचे दिवसाला ५०० रुपये मीटर चालू आहे.

आणि हे एकट्या माझं नाही हो. नाशिकच्या मित्राचा टायमिंग बेल्ट १ लाख किलोमीटरला बदलायचा होता, ५८ हजारला तुटला, व्हॉल्व्ह वाकले, कारण काय तर म्हणे तुम्ही धुळीत चालवता. धुळीत नाही तर कुठे चालवायची? ठाण्याच्या ऑफिसातल्या एका मॅडमची गाडी सबवेच्या पाण्यात बंद पडली, इन्शुरन्सवाला म्हणाला तुम्ही पाण्यात परत स्टार्टर मारला म्हणून इंजिन गेलं, त्या म्हणतात मी चावी काढून उतरले. सिद्ध कसं करणार? इंजिन खोलायच्या आधी तिऱ्हाईत कुणी बघितलंच नव्हतं.

लोक सांगतात ग्राहक आयोगात जा. जाणारच आहे, वकील बघितलाय. २०१९ च्या ग्राहक कायद्यात लिहिलंय की तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, लॅब तपासणी लागली तर ५ महिन्यांत. आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो, ती फी आधी तक्रारदाराने भरायची, ते पण भरतो. पण पाठवणार काय? ऑइल गटारात, फिल्टर भंगारात, पंप कंपनीकडे, कोड पुसलेले. लॅबवाला त्या ट्रेमधल्या चार बेअरिंगकडे बघून काय सांगणार आहे.

लॅबवरून आठवलं. मी कोथरूडला राहतो, सकाळी फिरायला एआरएआयच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, टेकडीवर जातो. आख्खं पुणं त्या टेकडीला त्याच नावाने ओळखतं. १९६६ ला सुरू झालेली संस्था, देशातल्या गाड्या, इंजिनं तिथे तपासली जातात. रोज त्या गेटवरून जाताना विचार येतो की कंपनीला गाडी विकायच्या आधी इथे किंवा अशाच दुसऱ्या संस्थेच्या दारात यावं लागतं, पण तीच गाडी चार वर्षांनी घाटात मेली तर तिच्या मालकाने कुठल्या गेटवर जायचं?

साहेब, तुमच्याच खात्याचा कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात ११०ए कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले, ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. ठराविक संख्येने तक्रारी आल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. चांगलं आहे. पण तक्रारींची संख्या भरेल कशी, जर प्रत्येक वर्कशॉपमध्ये प्रत्येक केस कस्टमर निग्लिजन्स म्हणूनच बंद होत असेल? आणि चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडणं हे सुरक्षेचं प्रकरण आहे की नुसतं दुरुस्तीचं, हे एकदा स्पष्ट लिहा. खंबाटकीत मागे तो ट्रक दहा फुटांवर होता. भारत एनसीएपीचे, म्हणजे गाड्यांच्या धडक चाचणीचे, स्टार तुम्ही २०२३ ला आणलेत, धडक झाल्यावर माणूस वाचतो का हे आता आम्ही गाडी घेताना विचारतो. धडक व्हायच्या आधी इंजिन बंद पडलं तर काय, हे पण विचारता आलं पाहिजे की.

मी फार मागत नाही. नवीन इंजिन द्या असं तुम्हाला म्हणत नाही, ते माझं मी भांडेन. वॉरंटीतली किंवा वादातली गाडी असेल तर इंजिन खोलायच्या आधी मालकाला लेखी कळवायचं, त्याला हवा असेल तर त्याचा माणूस किंवा सरकारमान्य तिऱ्हाईत समोर उभा राहील, खोलताना व्हिडिओ निघेल, ऑइल मोजून त्याची बाटली सील होईल, स्कॅनरचा रिपोर्ट क्लिअर करायच्या आधी मालकाच्या ईमेलवर जाईल. काढलेला प्रत्येक पार्ट वाद मिटेपर्यंत जपून ठेवायचा, आणि पैसे आम्ही भरले असतील तर तो आम्हाला परत द्यायचा. आतेभाऊ कॅलिफोर्नियात आहे, तो सांगतो तिकडे काम सुरू व्हायच्या आधी मागितलं तर काही अपवाद सोडले तर जुने पार्ट ग्राहकाला परत द्यावे लागतात, आणि गाड्यांच्या सुरक्षेच्या तक्रारी सरकारी साइटवर कुणीही उघडून वाचू शकतो, मॉडेल टाकलं की आधीच्या लोकांनी काय भोगलं ते समोर. आपल्याकडे मी माझ्या मॉडेलचं असं काही शोधायला गेलो तर नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडून काही हाताला लागत नाही.

गाड्यांचे पार्ट आणि रिपेअरिंग आपल्याच हातात ठेवलं म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. पुढे ते अपिलात गेलं ते सोडा. एवढ्या कोटींच्या गोष्टीत माझी मागणी काय, तर एक ऑइलची बाटली आणि एक काळी पिशवी. काही भाग ग्राहक मंत्रालयाचा असेल तर तुम्ही एक फोन लावा त्यांना, आमचा कोण उचलणार. नियमात चार ओळी टाकायच्या आहेत.

वेळ काढून वाचलंत तर आभारी राहीन. उत्तर नाही आलं तरी चालेल, त्या चार ओळी आल्या तर मला पेपरात कळेलच.

आपला,
एक गाडीमालक
कोथरूड, पुणे

ता. क. : हे पत्र टाइप करत असताना वर्कशॉपचा मेसेज आला. "प्रिय ग्राहक, आपल्या गाडीची सर्व्हिस ड्यू आहे. कृपया लवकरात लवकर गाडी आमच्याकडे घेऊन या."