पर्जन्यमापक बागेतच राहू द्यावा: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, आपली गृहनिर्माण संस्था

विषय: मागच्या बागेतील हवामानाची उपकरणे गच्चीवर न हलवण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या बागेत पेव्हर ब्लॉक घालून दुचाकींची सोय करावी आणि तिथली उपकरणे गच्चीवर न्यावीत, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. दुचाकींची अडचण खरीच आहे, तिला विरोध नाही. पण तीन प्रकारच्या उपकरणांपैकी गच्चीवर जायला हवे असे एकच आहे, ते म्हणजे वाऱ्याचे. तापमापक आणि पर्जन्यमापक वर नेले तरी आकडे येत राहतील, फक्त ते आवारातल्या हवेचे आणि पावसाचे नसतील. म्हणून बागेतला २ मीटर बाय २ मीटरचा मोकळा तुकडा ब्लॉकविना ठेवावा, एवढीच मागणी आहे.

आधी तापमानाचे. हवेचे तापमान जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, सावलीत आणि वारा खेळता ठेवून मोजायचे, हा जागतिक हवामान संघटनेचा दंडक आहे. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता सोडत बसतो, त्यामुळे पहाटेचे किमान तापमान हमखास चढे दिसते. त्यात वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग. तापमापकाच्या सेन्सरभोवती सावलीसाठी असलेल्या पांढऱ्या थाळ्या वरून येणारे ऊन अडवतात, खालून परावर्तित होऊन येणारे पुरते अडवत नाहीत. एसीची बाहेरची युनिटेही तिथेच आहेत, त्यांचा गरम झोत वेगळा. बागेत खाली गवत किंवा नुसती माती असली तरी पुरते. ब्लॉक मात्र त्या तुकड्याबाहेरच थांबावेत, कारण उन्हात तेही स्लॅबसारखेच वागतात.

पावसाचे प्रकरण याहून नाजूक आहे. वारा इमारतीला धडकला की भिंतीवरून वर चढतो आणि कठड्यापाशी उसळतो. त्या उसळीत बारीक थेंब नरसाळ्याच्या तोंडावरून पुढे निघून जातात. म्हणून गच्चीवरचा मापक जवळजवळ नेहमी कमी पाऊस दाखवतो, आणि भुरभुर पाऊस व जोराचा वारा एकत्र आले की सर्वांत कमी. खाली बागेत मापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर ठेवलेले आहे. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवे, म्हणजे दीड मीटर उंचीच्या कुंपणभिंतीपासून ३ मीटर आणि ५ मीटर उंच झाडापासून १० मीटर. सध्याच्या जागेत हे दोन्ही बसते. भोवती ब्लॉक आले तर कठीण जमिनीवर आपटलेले थेंब उडून नरसाळ्यात पडतील आणि आकडा उलट फुगेल. गवतावर हा त्रास जवळपास नसतो.

मापक दोन आहेत, एक साधा आणि एक आपोआप मोजणारा, टिपिंग बकेटचा. ‘एकाच पावसाला दोन मापक कशाला’ हे मागच्या सभेत विचारले गेले, त्याचे उत्तर इथे देतो. टिपिंग बकेटमध्ये दर ०.२ मिमीला आतला पाणी धरणारा छोटा चमचा उलटतो आणि एक टिचकी नोंदली जाते. मुसळधार सरीत चमचा उलटत असतानाही धार चालूच असते. तेवढे पाणी भरलेल्याच चमच्यात पडते आणि हिशेबातून सुटते. त्यामुळे एकूण पाऊस साध्या मापकावरून घ्यायचा आणि कोणत्या मिनिटाला किती पडला हे बकेटवरून. साध्या मापकात पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणून वाकलेल्या पृष्ठभागाचा तळ वाचावा लागतो. वरून डोकावून घेतलेला आकडा चुकतो.

बकेटची तपासणी पावसाळ्यापूर्वी करावी लागते. नरसाळ्याचा व्यास २० सेंटीमीटर म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर, म्हणून १ मिमी पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. तळाला सुईचे छिद्र पाडलेल्या डब्यातून ३१४ मिलिलिटर पाणी अर्ध्या तासात ठिबकू द्यायचे. टिचक्या ५० यायला हव्यात. ४६ आल्या तर चमचा जास्त पाणी घेऊन उलटतो आहे, म्हणजे खालचे दोन्ही स्क्रू सारखेच, अर्ध्या आट्याने वर घ्यायचे आणि पुन्हा ओतून पाहायचे. घाईने धार सोडली की हमखास कमी टिचक्या येतात आणि चांगले यंत्र उगाच बिघडवले जाते. त्याआधी तोंड स्पिरिट लेव्हलने आडवे आहे ना, हे पाहायचे. तिरक्या मापकाचे गणित कोणत्याही स्क्रूने सुटत नाही.

याचा संस्थेला उपयोग काय? गच्ची ४०० चौरस मीटरची धरू. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, म्हणून २५ मिमीला १०,००० लिटर. पहिले मळके पाणी सोडून देणे आणि उडून जाणे वजा करता ८० टक्के धरले तरी ८,००० लिटर शोषखड्ड्याकडे जातात. खड्डा पुरेसा आहे की नाही, हे यावरूनच ठरवता येईल. दुसरे म्हणजे निचरा. २४ तासांत ६४.५ मिमी झाले की भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत तो जोरदार पाऊस. पण गच्चीच्या पाइपांना दिवसाच्या बेरजेशी देणेघेणे नसते. तेवढाच पाऊस दिवसभरात सारखा पडला तर मिनिटाला सुमारे १८ लिटर होतात, आणि तासाभरात कोसळला तर ४३०. चार पाइपांपैकी दोन पालापाचोळ्याने बंद असतील तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी २१५ लिटर. वरच्या मजल्यावर ओल कोणत्या सरीनंतर येते, हे मिनिटांच्या नोंदीशी ताडून पाहता येते. माझ्या मते तापमानापेक्षा संस्थेला हीच नोंद जास्त कामाची आहे.

वाऱ्याचे उपकरण मात्र जरूर वर न्यावे. मोकळ्या मैदानात ते १० मीटर उंचीवर असावे लागते. गच्चीवर इमारतीच्या भोवऱ्यांमुळे त्याचे आकडे अधिकृत केंद्राशी जुळणार नाहीत, तशी नोंदवहीत टीप राहील. स्लॅबला एकही भोक पाडायचे नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप टाकीच्या खांबाला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळायचा आणि खाली रबराचा तुकडा ठेवायचा. पाइपाचे टोक वीजरोधक कांबीच्या (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या) टोकापेक्षा बरेच खाली राहील, त्या कांबीच्या पट्टीला कोणतीही वायर बांधली जाणार नाही आणि सेन्सर बिनतारी असेल. दिशेचा काटा उत्तरेला लावताना होकायंत्र लोखंडी पाइपाला चिकटवून धरले की सुई फसते, म्हणून चार-पाच मीटर लांब उभे राहून दिशा घ्यायची. वायुदाबमापकासाठी जागा लागतच नाही, तो घरातच चालतो. फक्त उंचीनुसार दुरुस्ती करावी लागते, साधारण दर ८ मीटरला १ हेक्टोपास्कल.

समितीने कर्मचाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्यात. बागेचा फवारा मापकाकडे नको. लख्ख उन्हात ३ मिमी ‘पाऊस’ पडल्याची नोंद होते ती त्यानेच. आवारात रंगकाम किंवा डासांची धुरळणी असेल तर एक दिवस आधी कळवावे. थिनर आणि औषधाच्या वाफेने आर्द्रतेचा सेन्सर बिघडतो, म्हणून तो तेवढ्यापुरता काढून ठेवता येईल. नरसाळ्याची जाळी कुणी साफ करू नये, चमचा हलला की टिचकी नोंदली जाते. उन्हाळ्यात तिथे धूळ साचते, पहिल्या सरीला तिचा चिखल होऊन छिद्र बुजते, शिवाय आत कोळी आणि मुंग्या घर करतात. ती सफाई, पावसाळ्याआधी बॅटऱ्या बदलणे आणि थाळ्या ओल्या फडक्याने पुसणे ही कामे माझ्याकडे. हिवाळ्यात दाट दव पडले की एखादी टिचकी येते, ती पाऊस धरली जात नाही.

सर्व खर्च माझा. समितीने लेखी कळवल्यास सात दिवसांत उपकरणे काढून जागा पूर्ववत करून दिली जाईल, तसे हमीपत्र सोबत जोडले आहे. ब्लॉकचा नकाशा ठरण्यापूर्वी जागा मोजायला कुणी येणार असेल तर सकाळी ८:३० ला यावे. विभागाच्या २४ तासांच्या पावसाची नोंदही त्याच वेळेला संपते, म्हणून रोज तेव्हा मी मापकापाशी असतो.

आपला विश्वासू,
तळमजल्यावरील एक सभासद