फलकावर वॉलमनचे नावही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील जुन्या नाशिक नगरपालिकेत वॉलमन, म्हणजे जलवाहिन्यांचे वॉल (व्हॉल्व्ह) सोडणारे-बंद करणारे कर्मचारी होते. १९५८ साली लागले, १९९१ साली निवृत्त झाले. पहाटे साडेतीनला सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून निघायचे आणि भद्रकाली, तांबट लेन, डिंगर अळी, सराफ बाजार असे एकेक वॉल सोडत आणि बंद करत फिरायचे. घरी यायला चांगले ऊन वर आलेले असे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गल्लीही अण्णाच म्हणायची. नळाला पाणी आले नाही की बायाबापड्या नगराध्यक्षांकडे जात नसत, मुख्याधिकाऱ्यांकडेही नाही. हंडा कमरेवर तसाच ठेवून आमच्या दारात येत. शहराच्या पाण्यासाठी विचारायचे कोणाला, हे सगळ्यांना ठाऊक होते.

हे आज लिहायचे कारण मागच्या पावसाळ्यात घडलेली एक साधी गोष्ट. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीसमोर रस्त्यातून पाणी झिरपू लागले. समोरच्या जोशीकाकांनी ‘मा. आयुक्त’ असा मायना घालून दोन पानी अर्ज लिहिला आणि महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात द्यायला निघाले. मी त्यांना थांबवले. तो अर्ज आयुक्तांच्या कार्यालयातून अतिरिक्त आयुक्तांकडे, तिथून अधीक्षक अभियंत्यांकडे, मग कार्यकारी अभियंता, उपअभियंता असा उतरत उतरत आमच्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्यापर्यंत येणार, आणि रस्ता उकरणारा माणूस तर त्याच्याही खाली. प्रत्येकाने आपले काम चोख केले तरी कागदाला इतक्या पायऱ्या उतरायला वेळ लागणारच.

शिवाय पाणी कोणाचे, हे आधी ठरवायला हवे होते. रस्त्यावरचे पाणी पिण्याच्या नळाचे असेल तर पाणीपुरवठा विभाग, भुयारी गटारीचे असेल तर मलनिस्सारण, पावसाळी गटारीचे असेल तर बांधकाम. वरून सगळे सारखेच दिसते. अण्णा असते तर त्यांनी आधी वास घेतला असता. मीही तेच केले. वास नव्हता, पाणी स्वच्छ होते आणि सकाळी नळ सुरू असतानाच वाढत होते. म्हणजे जलवाहिनीचा जोड गेला होता. अर्ज चार ओळींचा केला आणि पूर्व विभागीय कार्यालयात नेला. काका विचारत राहिले, ‘‘अहो, आपण सिडकोला लागून, मग आपला विभाग पूर्व कसा?’’ तिसऱ्या दिवशी खड्डा खोदून जोड बदलला गेला.

काका शिकलेले आहेत, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे ठाऊक नव्हते यात नवल नाही. आपल्या शहरात ‘आयुक्त’ तरी किती? महापालिकेचे आयुक्त, पोलीस आयुक्त, नाशिकरोडला महसुलाचे विभागीय आयुक्त, शिवाय आदिवासी विकास आयुक्त. त्यात ‘विभागीय आयुक्त’ राज्य शासनाचे आणि ‘विभागीय अधिकारी’ महापालिकेचे. एका शब्दाच्या फरकाने माणूस दहा किलोमीटर भलतीकडे जातो. रस्त्यावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा आणि घरातला प्रवाह महावितरणचा, हेही पुष्कळांना सांगावे लागते.

हा पसारा असा का, याला इतिहास आहे. १८६४ सालची नाशिक नगरपालिका, नाशिकरोड-देवळाली नगरपालिका, सातपूर नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली. अण्णांच्या हातात नवा आदेश आला, काम तेच राहिले. मुख्याधिकारी जाऊन आयुक्त आले, नगराध्यक्षांऐवजी पुढे महापौर आले. पहिली दहा वर्षे प्रशासकच होते, पहिली निवडणूक १९९२ साली झाली. नंतर सिडकोने वसवलेल्या योजनाही महापालिकेकडे आल्या. आज पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड असे सहा विभाग आहेत. प्रत्येक विभागाला विभागीय अधिकारी असतो. पण त्याच इमारतीत बसणारे पाण्याचे, बांधकामाचे, विजेचे अभियंते तांत्रिक कामासाठी मुख्यालयातल्या आपापल्या वरिष्ठांना बांधलेले. माणूस विभागात बसतो आणि त्याच्या कामाचा दोर मुख्यालयात असतो, ही या रचनेतली खरी गाठ आहे. ती वाईटच आहे असे मी म्हणत नाही. धरणातून येणारे पाणी सहा विभागांना वाटायचे तर वर एक हात लागतोच. पण ही गाठ नागरिकाला माहीत असायला हवी.

पूर्वी ही माहिती नगरसेवकाच्या डोक्यात असे. कुठल्या कामाला कोणता अभियंता, कोणता स्वच्छता निरीक्षक, कोणता मुकादम, हे तो सांगायचा. मार्च २०२२ मध्ये १२२ नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा लोकांचा हा वाटाड्या गेला आणि सगळे अर्ज एकाच नावाने जाऊ लागले. नगरसेवक असोत वा नसोत, शहराने एका माणसाच्या ओळखीवर अवलंबून राहू नये असे मला वाटते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. त्यात रचना, कर्तव्ये, अधिकाऱ्यांचे अधिकार, कर्मचाऱ्यांची यादी हे सगळे येते. माझी मागणी त्याच माहितीची आहे, फक्त उलट्या क्रमाने. सहाही विभागीय कार्यालयांच्या दारात मोठा फलक लावा आणि तो वरून खाली न लिहिता खालून वर लिहा. आधी प्रश्न: नळाला पाणी नाही, चेंबर तुंबले, घंटागाडी आली नाही, झाड पडले, डास वाढले. त्यापुढे तुमच्या प्रभागाचा वॉलमन, मुकादम किंवा कनिष्ठ अभियंता कोण, त्याचा कामाचा फोन क्रमांक कोणता आणि त्याने ऐकले नाही तर त्याच्यावर कोण. बदली झाली की त्या आठवड्यात नाव बदलायचे. सिंहस्थासाठी माणसे इकडून तिकडे फिरणार, तेव्हा तर हे फारच लागेल.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. फलकावर लिहायला माणूस हवा. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आणि नव्या पदांना लागणारी शासनाची मंजुरी यांत भरती अडते. अट कशासाठी आहे हे मला कळते, पगारातच सगळा पैसा गेला तर कामे कशाने करायची? पण पदे रिकामी राहतात तेव्हा सर्वांत आधी तळ रिकामा होतो. वरचे अधिकारी शासनाकडून प्रतिनियुक्तीवर येऊ शकतात, तळाची कामे मात्र कंत्राटदाराच्या माणसांवर जातात. ही माणसे कष्टाळू असतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण कंत्राट बदलले की तीही बदलतात. डिंगर अळीच्या वळणावरचा वॉल साडेचार आटेच सोडायचा, जास्त सोडला तर काझीच्या गढीवर पाणी चढत नाही, हे ठेक्याच्या कागदात कुठे लिहायचे? कर्मचाऱ्यांचा नवा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदे किती याचा आराखडा, करताना वॉलमन, मुकादम, मलजलवाहिनीचे कामगार या पदांचा विचार अधिकाऱ्यांच्या पदांआधी व्हावा. आणि निवृत्त होणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या जागी येणाऱ्याने किमान महिनाभर फिरले पाहिजे, हे नियमातच असावे.

अण्णांच्या वेळी असा नियम नव्हता. त्यांनी आपण होऊन पुढच्या वॉलमनला पंधरा दिवस सोबत नेले. रोज पहाटे तो पोरगा आमच्या ओट्यावर चहा पिऊन निघायचा. अण्णांनी त्याच्यासाठी दोनशे पानी वहीत सगळे वॉल मांडून दिले होते, कोणत्या वाड्याच्या कोपऱ्यापासून किती पावलांवर, किती आटे, कोणता वॉल उन्हाळ्यात जड जातो. मूळ वही त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि त्याला नक्कल करून दिली.

मूळ वही माझ्याकडे आहे. काही वॉल आता डांबराखाली गेले असतील, काही वाडे उरले नाहीत. तरीही पाणीपुरवठा विभागाला ती उपयोगी पडणार असेल तर मी स्वतः मेन रोडच्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक